सकाळी दहाची चांदणी

भाऊ,

तू गेल्याचा निरोप घेऊन रनाळ्याचा माणूस तळोद्याच्या शाळेत आला, तेव्हा मी मुलींकडून पाढे म्हणवून घेत होते. तो दारातच थांबला, डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "बाई, सुकदेवभाऊ गया." त्यावर मी काय म्हटलं असेल, तूच सांग. म्हटलं, "कोनता सुकदेव? रनाळामा तीन सुकदेव शेत." तो बिचारा नावेतून तापी ओलांडून पुढे चालत आलेला. म्हणाला, "तुमना." मग मी विचारलं, कधी गेला, तापच होता कशावरून, वैद्याला कोणत्या दिवशी आणलं, शेवटी जवळ कोण होतं. त्यानं एकेक उत्तर दिलं आणि मग पायरीवर बसून तोच रडायला लागला. माझे डोळे कोरडे होते. माझी अजून खात्री पटायची होती.

तुला हसू आलं असतं. आबा म्हणायचे, "हाई पोरगी देवले बी इचारी, तू खराच शे का?" तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं तूच हसायचास. मी गूळ आणला तरी तो चाखून घ्यायची आणि तू "आई बोलावतेय" म्हणालास तरी आधी आईला ओरडून विचारायची. माझा स्वभावच असा, त्याला मी काय करू? पण तुझ्याशी माझा जो शेवटचा वाद झाला, तो स्वभावामुळे झाला नव्हता. त्यात माझ्या नवऱ्याचा जीव होता.

आज तुझं तेरावं होऊन चार दिवस झाले. पाहुणे गेले. वहिनी आत पडली आहे आणि मी ओट्यावर शाळेची वही मांडीवर घेऊन बसले आहे. तुझ्याबद्दल लोक काय काय बोलून गेले. रनाळ्यातून आरमारात गेलेला पहिला माणूस, समुद्र पाहिलेला, जपान्यांशी लढलेला. मी ऐकून घेतलं. मला त्यातलं काही लिहायचं नाही. माझ्या नवऱ्याचा जीव कशानं गेला, हे तू मला तीन वेळा तीन तऱ्हांनी सांगितलंस. ते अर्धवट ठेवून गेलास. आता तू उत्तर देणार नाहीस, म्हणून दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागताहेत.

त्यांचं नाव मी अजूनही घेत नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं तेवढंच. लहानपणी तू त्यांना नावानं हाक मारायचास, पण मेहुणा झाल्यावर चारचौघांत "कोरीटवाला" म्हणायला लागलास. मीही इथं कोरीटवालेच लिहिते.

कोरीट त्यांचं गाव, पण वाढले रनाळ्यात, मामाकडे. मामाची विहीर आपल्या विहिरीला लागून. दोन मोटा आणि मोटेचे बैल चालतात त्या उताराच्या दोन धावा, दोन्ही उगवतीकडे तोंड करून. पहाटे शुक्राची चांदणी उगवली की बैल जुंपायचे, हा आपल्याकडचा रिवाज. घड्याळ कुणाकडे होतं? चांदणी हेच घड्याळ. ज्याला ती आधी दिसेल त्यानं हाक द्यायची आणि शेजारच्यानं उठायचं. तुमच्या दोघांची त्यावरूनच चुरस सुरू झाली, आणि मग ती उजाडल्यावरही संपेना. मोट हाकणारा धावेवरून दर खेपेला उगवतीकडेच चालत जातो. त्यामुळे बैलाच्या वशिंडावर दिसणारी चांदणी पुढच्या खेपेला बाभळीच्या शेंड्यावर, त्याच्या पुढच्या खेपेला शेंड्याच्या वीतभर वर, असा तिचा माग ठेवता येतो. सूर्य आला तरी ती कुठे जात नाही, फिकी होते एवढंच. ज्याच्या नजरेतून आधी सुटेल तो हरला. मी न्याहारी घेऊन यायची तेव्हा ऊन चांगलं चढलेलं असायचं आणि तुम्ही दोघं माना वर करून मोट हाकत असायचात.

"काय दखी ऱ्हायनात?" मी विचारायची.

"चांदनी," तू म्हणायचास.

"दिनले चांदनी दखास का कोठे?"

कोरीटवाले बोलायचे नाहीत. ते हात वर करून बोटानं दाखवायचे, अगदी खांद्यापासून हात ताणून. मी त्या बोटाच्या रेषेत पाहायची. निळं आभाळ, एखादी घार, बाकी काही नाही. मला वाटायचं दोघं मिळून माझी फिरकी घेताहेत. भाकरीची दुरडी ठेवून मी फणकाऱ्यानं परत जायची.

पुढे आमचं लग्न झालं, मी कोरीटला गेले. दुसऱ्या वर्षी नंदुरबारच्या बाजारात आरमाराचे भरतीवाले आले आणि तुम्ही दोघं मिरची विकायला म्हणून गेलात ते नाव नोंदवून परत आलात. ती हकिगत तू किती रंगवून सांगायचास. भिंतीवरची इंग्रजी अक्षरं वाचायला सांगितली, तर तुम्हाला अक्षरच येईना. साहेब "नापास" म्हणणार, एवढ्यात कोरीटवाले बाहेर स्टेशनाच्या टाकीकडे पाहून म्हणाले, अकरा कबुतरं आहेत. तू म्हणालास, त्यातलं एक लंगडं आहे. साहेबानं दुर्बीण आणवली, पाहिलं आणि दोघांना घेतलं. कबुतर खरंच लंगडं होतं का, असं मी तुला विचारलं होतं. तू म्हणालास, "जायीसन दखी ये."

मी कबुतरांवरून विचारत बसले आणि तेवढ्यात माझा संसार उठून बोटीवर गेला.

तुम्ही दोघं एकाच लढाऊ बोटीवर होतात. तू टेहळणीवर, कोरीटवाले विमानं पाडायच्या तोफेवर, गोळे पुढे करणाऱ्यांत. त्यांची चार पत्रं आली. तुझ्या हातची, कारण त्यांना लिहिता येत नव्हतं. पाचवं आलं ते सरकारी होतं, इंग्रजीत. मास्तरांनी वाचून मराठीत सांगितलं. कामगिरीवर असताना अपघातानं मृत्यू.

मी एकोणीस वर्षांची होते, भाऊ. पहिले आठ दिवस मी काहीच विचारलं नाही. आई घाबरून गेली होती ती माझ्या रडण्यानं नव्हे, माझ्या न विचारण्यानं.

दोन महिन्यांनी तू सुटीवर आलास, त्यांची पेटी घेऊन. सगळं कोरीट ओट्याभोवती जमलं होतं. तू सांगितलंस: जपानी विमान आलं, बाँब टाकले, कोरीटवाला तोफ सोडून हलला नाही, विमान पेटून समुद्रात पडलं, पण तेवढ्यात इकडेही घात झाला होता. लोकांनी डोळे पुसले. माझ्या सासऱ्यांनी पागोटं काढून तुझ्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. मी दाराआड उभी होते आणि माझ्या मनात एकच शब्द घोळत होता. पत्रात अपघात म्हटलं होतं. शत्रूनं मारलेल्या माणसाला अपघात कोण म्हणेल?

तिथून मी तुझ्यावर नजर ठेवायला लागले. हो, नजर ठेवायला. कोरीटला तू म्हणालास विमान उगवतीकडून आलं. रनाळ्याला पाटलांपुढे म्हणालास मावळतीकडून. एकदा ते डाव्या अंगाला पडलं, एकदा उजव्या. "जळत पडलं तर धूर किती वेळ दिसत होता?" मी विचारलं, तर तू पाण्याचा तांब्या तोंडाला लावलास. लढाई संपून तू कायमचा घरी आलास, तेव्हा तर सगळंच विपरीत. चांदणी उगवल्यावर सर्वांत आधी हाक देणारा तू, आता उन्हं आल्यावर मोट जुंपायला लागलास. धावेवर चालताना तुझी मान खाली. वहिनी म्हणायची, लढाईनं थकला आहे. मी म्हणायची, हा काहीतरी लपवतोय. पण हे मी मनातच म्हणायची, कारण त्याच दिवसांत तू माझ्यासाठी जे करत होतास ते सगळं गाव पाहत होतं.

तू मला शिकवायचं ठरवलंस. मराठी चौथी झालेली विधवा बहीण, तिला धुळ्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला घालायची. आबा नको म्हणाले. माझे सासरे म्हणाले, आमच्या घरात तिला काय कमी आहे? ते वाईट नव्हते, त्यांना माझ्या रूपानं मुलाची काहीतरी खूण घरात हवी होती. तू त्यांच्या ओट्यावर सलग तीन दिवस जाऊन बसलास. भांडला नाहीस, जेवला नाहीस, नुसता बसलास. चौथ्या दिवशी ते म्हणाले, घेऊन जा बाबा. धुळ्यात वसतिगृहाच्या दारात मला सोडताना तुझे डोळे भरले होते. माझ्या ट्रंकेत वहिनीनं मेतकूट घातलं होतं आणि तू त्यावर हात ठेवून म्हणालास, "सखू, तू शिकनी म्हंजे माले बरं वाटी."

ह्या वाक्यावर मी दोन वर्षं विचार केला. तुला बरं का वाटेल? मला बरं वाटेल, असं का नाही म्हणालास? भावाच्या मायेला मी असं उलटं-पालटं करून पाहत होते, कडेला शिवण उसवली आहे का ते बघावं तशी. आणि तरीही तुझ्यामुळे मी आज पायावर उभी आहे. हे मी तुला एकदाही तोंडानं म्हटलं नाही. आता म्हणते. ऐकू येत असेल तर ऐक.

मग दोन वर्षांपूर्वीची आखाजी, अक्षय्य तृतीयेचा सण. मी तळोद्याहून माहेरी आले होते. पोरी झोक्यांवर गात होत्या, वहिनी पुरणाच्या गडबडीत होती. मी तुला म्हटलं, चल, विहिरीवर जाऊ. तुला कळलं असणार. विहिरीवर दोघंच होतो. मी म्हटलं, "भाऊ, माले खरं सांग. इमान उनं व्हतं का?"

तू धावेच्या कडेला बसलास. म्हणालास, "नही."

विमान आलंच नव्हतं. मला काय वाटलं तेव्हा? राग नाही, दुःख नाही. मला आधी समाधान वाटलं, की माझा संशय बरोबर होता. मी ही कबुली देते आहे, कारण माणसाचं मन किती हलकं असतं ते तुलाही कळू दे.

मग तू सांगायला लागलास आणि मी ऐकायला. तुमच्या आघाडीवरच्या एका बोटीवर चार दिवसांपूर्वी विमानांनी हल्ला केला होता. तेव्हापासून कुणी नीट झोपलं नव्हतं. पक्षी दिसला तरी तोफा फिरायच्या, ढगाला कडा चमकली तरी धोक्याची घंटा व्हायची. रात्री तोफेवरच्यांनाही टेहळणीला बसवायचे; त्या टेहळणीवर असताना तुम्हा दोघांना पहाटे शुक्र उगवताना दिसला. घरच्यासारखा, पाण्यातून वर येणारा. दोघांनी चुरस लावली. उजाडलं, सूर्य आला, काम सुरू झालं, पण चुरस चालू. बोटीच्या डोलकाठीवरून, मग दोराच्या वरून, मग मोकळ्या आभाळात. सकाळी दहाच्या सुमाराला तोफेपाशी दोघं शेजारी उभे होतात आणि चांदणी अजून हातची सुटली नव्हती. तेव्हा एकानं दुसऱ्याला हात वर करून ती दाखवली.

वर साहेब उभा होता. त्यानं तो हात पाहिला. हे दोन खानदेशी जिकडे बोट करतात तिकडे काहीतरी असतं, हे त्याला तीन वेळा अनुभवानं कळलेलं. त्यानं दुर्बीण लावली. निळ्या आभाळात पांढरा ठिपका, न हलणारा. घंटा झाली.

तू म्हणालास, साहेब अंतर सांगत होता आणि तोफा उडत होत्या. गोळे पोचत नव्हते. साहेब अंतर वाढवत गेला. ठिपका जवळ येईना, लांब जाईना, पडेना. कुणी म्हणालं फुगा आहे, टेहळणीचा. कुणी म्हणालं फार उंचावरचं विमान आहे. दोन मतं पडली, पण चांदणी कुणीच म्हणेना, कारण दिवसा चांदणी असते हे त्या बोटीवर दोनच माणसांना माहीत होतं. मी विचारलं, मग तुम्ही दोघांनी सांगितलं का नाही? तू म्हणालास, "कोन सांगी? साहेबले सांगू का, हाई आम्हनी मोटनी चांदनी शे म्हनी?" आणि मग हळू आवाजात पुढे म्हणालास की थोड्या वेळानं तुलाच खात्री वाटेना. इतक्या तोफा जिच्यावर उडताहेत ती नुसती चांदणी कशी असेल? तू टक लावून पाहत राहिलास आणि तुलाही तिला पंख दिसायला लागले.

तोफ तापली होती. एक गोळा नळीतच अडकला आणि तिथेच फुटला. कोरीटवाले सर्वांत जवळ होते. त्यानंतर ताऱ्यांवरून बोटीची वाट काढणारा दुसरा साहेब आपली वही घेऊन वर आला, त्यानं आकडे पाहिले आणि पहिल्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तोफा थांबल्या. सगळ्यांना ताकीद मिळाली, की याचा उच्चार कुठं करायचा नाही.

म्हणजे माझा नवरा चांदणीशी लढून मेला. विहिरीवर बसून मी हे ऐकत होते आणि गावातून पोरींची गाणी ऐकू येत होती. एखादी रडली असती. मी काय केलं? मी पुढचा प्रश्न विचारला.

"हात कोन्ही वर कया?"

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना मीच उत्तर घातलं, वर्गात मठ्ठ मुलीला घालते तसं. "तूच दखाडी ना त्यास्ले? तुन्हाच हात व्हता ना?"

"हां," तू म्हणालास. "मीच दखाडी."

बस. एवढ्या वर्षांची गाठ सुटली असं मला वाटलं. उगवती-मावळतीचा घोळ, खाली मान, उशिरा जुंपलेली मोट, सासऱ्यांच्या ओट्यावरचे तीन उपाशी दिवस, माझं ट्रेनिंग, माझी नोकरी, सगळं एका दोऱ्यात ओवलं गेलं. हे प्रेम नव्हतं, हे प्रायश्चित्त होतं. माझ्या नवऱ्याच्या मरणावर उभं राहून तू माझं भलं करत होतास. मी हे सगळं तुला तोंडावर म्हटलं. तुला आठवत असेल, मी आवाज चढवला नाही. शेवटी म्हटलं, "आजपासून माले माहेर नही." आणि पुरणाचं जेवण न जेवता, पोरींचे झोके ओलांडून, मी नंदुरबारच्या वाटेला लागले.

त्यानंतरच्या दोन आखाज्या मी तळोद्यातच काढल्या. भाऊबीजेला मी कुणालाही ओवाळलं नाही. गेल्या हिवाळ्यात तू एकदा शाळेत आलास. मी खिडकीतून तुला पाहिलं. आवारातल्या लिंबाखाली उभा होतास, खांद्यावर मिरच्यांचं गाठोडं. मी मुलींना शुद्धलेखन घातलं, मग दुसरं घातलं, मग तिसरं. तिसरं संपलं तेव्हा लिंबाखाली फक्त गाठोडं होतं. त्या मिरच्यासुद्धा मी आधी उलटून पाहिल्या, आत चिठ्ठी-बिठ्ठी आहे का म्हणून. नव्हती. तेव्हा मला वाटलं, याच्याकडे बोलायला काहीच उरलेलं नाही, म्हणजे गुन्हा कबूल आहे.

आणि आता वहिनी.

दहाव्याच्या दिवशी दुपारी आम्ही दोघी ज्वारी निवडत बसलो होतो. वहिनी निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, "बाई, एक इचारू? तीन दिन तुम्हना भाऊ तापमा एकच बोली ऱ्हायंता. माले त्यानं काही उमजनं नही."

"काय बोली ऱ्हायंता?"

"म्हने, नथ्या, हात खाले कर. साहेब दखी ऱ्हायना. नथ्या, हात खाले कर रे." वहिनीनं सूप बाजूला ठेवलं. "नथ्या म्हंजे आपला कोरीटवाला पाव्हनाच ना? पन हात कसाना?"

आणि मग, भाऊ, मी उलटतपासणी सुरू केली. माझ्या भावजयीची, जिच्या कपाळावरचं कुंकू पुसून दहा दिवस झाले होते. नक्की हेच शब्द का? हात वर की हात खाली? आधी नाव घेतलं की मागून? दुसरं कोण होतं खोलीत? तू तिला बोटीवरची हकिगत कधी सांगितली होतीस का? ती म्हणाली, इमान उनं आनि पडनं, एवढंच तिला ठाऊक होतं. चांदणीचं तिला माहीत नव्हतं. हाताचं माहीत नव्हतं. ते विहिरीवर आपल्या दोघांतच राहिलं होतं. म्हणजे माझी समजूत घालावी म्हणून तिनं हे रचणं शक्य नव्हतं. मी सगळ्या बाजूंनी दाबून पाहिलं. कुठेही पोकळ लागलं नाही.

हात त्यांचा होता.

कसं मला सुचलं नाही? खांद्यापासून ताणून हात वर करायची सवय कुणाची होती? न्याहारीच्या वेळी तू तोंडानं सांगायचास आणि ते हातानं दाखवायचे. हे मी माझ्या डोळ्यांनी कितीदा पाहिलं होतं. पण विहिरीवर त्या दिवशी मला फक्त माझा संशय दिसत होता. तू त्या ठिपक्याकडे पाहत राहिलास तशी मी तुझ्याकडे इतकी वर्षं टक लावून पाहत होते, आणि मलाही जे पाहिजे ते दिसायला लागलं.

आता मला तुझं बाकीचं वागणंही कळतं, निदान कळतं असं वाटतं. तू वर पाहत नव्हतास, कारण तुला तो हात दिसत असणार. आणि मी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तुझ्यापुढे दोनच वाटा होत्या. एक, मला सांगायचं, की सखू, तुझा नवरा त्याच्याच हातानं मेला, खेळताना, चुरस जिंकल्याच्या आनंदात. दुसरी, "मीच" म्हणायचं. तू एका श्वासाचा वेळसुद्धा घेतला नाहीस. मला शिव्या घालायला एक जिवंत माणूस दिलास आणि माझा मेलेला माणूस निर्दोष ठेवलास.

मला याचा रागही येतो, हे तुला सांगते. कोण होतास तू परस्पर ठरवणारा? मी एवढी का कच्ची होते? त्यांनी हात वर केला एवढं ऐकून मी त्यांच्यावर रुसले असते का? त्या दोन आखाज्या, त्या दोन भाऊबिजा, ती लिंबाखालची दुपार, हे सगळं तू एकट्यानं ठरवलंस आणि आपण दोघांनी सोसलं. तू आत्ता ओट्यावर येऊन बसलास तर मी आधी भांडेन, मग जेवायला वाढेन.

काल पहाटे मी विहिरीवर गेले. ह्या दिवसांत शुक्र पहाटेचाच आहे. उगवला तेव्हापासून मी धरला. मोट नव्हती, बैल नव्हते, पण मी तुमच्यासारखीच धावेवरून उगवतीकडे चालत जायची, परत यायची, पुन्हा जायची. बाभळीचा शेंडा, शेंड्याच्या वर, त्याच्या वर. उजाडलं. ऊन आलं. दोनदा सुटली असं वाटलं आणि दोनदा सापडली. मी इतकी वर्षं म्हणत होते ना, दिवसा चांदणी दिसत नाही? दिसते. राखेतल्या निखाऱ्यासारखी बारीक, पण दिसते. आणि एकदा दिसली की आश्चर्य वाटतं, की ही इतका वेळ इथंच होती. आणि हेही कळलं, की पहाटेपासून जो तिच्याबरोबर चालत आला नाही त्याला ती आपली आपण सापडणार नाही. कुणीतरी दाखवावीच लागते.

ऊन चांगलं चढलं होतं. मान दुखत होती. चांदणी डोक्यावर आली होती आणि मला ती स्वच्छ दिसत होती, आणि भाऊ, माझा हात आपोआप वर गेला. खांद्यापासून. मी ठरवलं नव्हतं. असं काही दिसल्यावर हात खाली ठेवणं कुणालाच जमत नाही. कोरीटवाल्यांची चूक काय होती ते मला तेव्हा कळलं, आणि ती चूक नव्हती हेही. मी शेजारी पाहिलं. दाखवायला कुणी नव्हतं. मग मी धावेवर बसले आणि तुझ्यासाठी पहिल्यांदा रडले. त्यांच्यासाठीही रडले, वेगळं नाही काढता आलं.

वहिनीला मी सगळं सांगितलं. कोरीटला सासऱ्यांना काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. त्यांना विमानच हवं असेल तर राहू दे. वहिनी म्हणाली, पुढच्या आखाजीला या. मी येईन.

आता उठते. वहिनी आतून हाक मारते आहे, आणि ती खरंच तीच आहे का हे मी विचारायला जाणार नाही. फक्त एक तुला सांगायचं राहिलं. गूळ, मिरच्या, कबुतरं, सरकारी पत्र, तुझं प्रेम, तुझ्या मरणाचा निरोपसुद्धा, सगळं मी तपासून घेतलं. तुझ्या तोंडून ऐकलेली एकच गोष्ट मी जशीच्या तशी, दुसरा प्रश्न न विचारता खरी मानली, आणि नेमकी तीच तू माझ्यासाठी खोटी सांगितली होतीस.

— तुझी सखू